काडी ओढायच्या आधी

सिस्टरबाईंचा आवाज मोठा होता. त्याबद्दल कुणी काही सांगायला गेलं की त्या म्हणायच्या, "भरलेल्या वॉर्डात कुजबुजून नोकरी करून दाखवा, मग मला शिकवा." नोकरी संपून वर्षं लोटली होती, तरी त्या समोर दिसल्या की चर्चमधल्या अर्ध्या मंडळींना अजून आपला दंड चोळावासा वाटे, कारण त्या दंडांनी त्यांच्या हातची इंजेक्शनं खाल्लेली होती. भीडभाड कशाशी खातात हे बाईंना माहीतच नव्हतं. बाजारात, दवाखान्यात, पाळकसाहेबांच्या तोंडावर, जे वाटेल ते जिथे वाटेल तिथे बोलून मोकळ्या व्हायच्या. आपल्याच घरात काय चाललंय याबद्दल मात्र हीच बाई मूग गिळून बसली होती, आणि तेही थोडेथोडके दिवस नव्हे.

घर तसं आटोपशीर. सिस्टरबाई, त्यांचा एकुलता एक मुलगा, सून आणि नात. मुलगा चर्चच्या गायकवृंदाचा मास्तर. हार्मोनियमवर बोटं ठेवून त्याने गीत धरलं की म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या आणि लग्नाच्या मुलींच्या आया म्हणायच्या, नवरा मिळावा तर असा. गळा गोड होता यात वादच नाही. हात जड होता, हे मात्र घरातल्या तिघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक तर अजून दुधाचे दात पाडत होती.

उन्हाळा संपता संपता एका सकाळी सुनेने लेकीचं दप्तर आणि एक बॅग उचलली आणि ती चालती झाली. भांडली नाही, रडली नाही, दारसुद्धा आपटलं नाही. बाजारातल्या बेकरीत तिला काम मिळालं, आणि बेकरीच्याच वर एक खोली. बेकरी चर्चच्या खजिनदारांची. खोली द्यायला त्यांची बायको तयार झाली आणि खजिनदार तिच्यापुढे फारसं बोलू शकले नाहीत. मंडळीत मात्र बोलायला सगळेच मोकळे होते. असा देवमाणूस नवरा सोडून गेली, म्हणजे हिचंच काहीतरी असणार, असा एकूण सूर. सिस्टरबाई ते ऐकत होत्या आणि आपलं गीतांचं पुस्तक चाळत बसत होत्या.

नाताळ जवळ आला तसे एक दिवस पाळकसाहेब घरी आले. तरुण माणूस, मनाने चांगला, जगात सगळं गोडीगुलाबीने मिटतं असा त्याचा भाबडा समज. बिस्किट चहात बुडवत म्हणाले, "सिस्टर, यंदा आगमनकाळाचा दुसरा रविवार तुमच्या घराचा. शांतीची मेणबत्ती."

आता ही काय भानगड ते सांगायला हवं. नाताळाआधीच्या चार रविवारी संध्याकाळी या चर्चमध्ये दिवे मालवून कुटुंबांची उपासना व्हायची आणि दर वेळी एक मोठी मेणबत्ती लागायची. पहिली आशेची, दुसरी शांतीची, मग आनंदाची, मग प्रीतीची. ती लावायचा मान दर रविवारी वेगळ्या घराला. इथवर सगळीकडे सारखंच. पण या मंडळीची स्वतःची एक जुनी रीत होती. घरातलं सगळ्यात थोरलं माणूस काडी ओढायच्या आधी सगळ्यांसमोर आपलं घर सांगायचं. नावं घ्यायची नाहीत, ती देवाला ठाऊक असतात. फक्त नाती. मी, माझी बायको, माझे दोन मुलगे, थोरली सून, असं. थोरलं माणूस बोलायला उभं राहिल्यापासून ज्योत लागेपर्यंत बाकी कुणी चकार शब्द काढायचा नाही, मग तो पाळक असो की पंच. ज्योत लागली की घरातलं सगळ्यात धाकटं ती घेऊन पहिल्या बाकाकडे जायचं आणि मग बाकामागून बाक उजळत जायचे.

रीत दिसायला गोड, पण तिच्या पोटात एक काटा होता. जे मेणबत्तीपुढे एकत्र उभे राहिले ते एक घर, असं मंडळी धरून चालायची आणि त्या घराचं भांडण मिटलं म्हणून जाहीर व्हायचं. औषधांच्या दुकानात मधोमध भिंत घालून बसलेल्या दोघा भावांना म्हाताऱ्या बापाने असंच एका वर्षी पुढे उभं केलं आणि महिन्याभरात भिंत पडली. ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगायचे. भिंत पडल्यावर धाकटा भाऊ थोरल्याच्या हाताखाली पगारी नोकर होऊन बसला, हे कुणी सांगत नसे.

"सूनबाईंशी बोललोय मी," पाळकसाहेब म्हणाले. "येते म्हणाल्या, मुलीसाठी. भिंगरी कधीपासून वाट बघतेय ज्योत न्यायची." भिंगरी म्हणजे नात. पायाला चाकं लावून जन्मली होती म्हणून हे नाव.

"येऊन काय करायचं तिने?"

"उभं राहायचं. तुम्ही घर सांगाल, मास्तर असतील, त्या असतील. मग झालंच की. खजिनदारही म्हणाले, एकदा मंडळीसमोर घर जुळलं की वरची खोली ते काढून घेणार. कामही बंद. घर मोडायला आपण मदत करतो असं दिसायला नको."

सिस्टरबाईंनी कप खाली ठेवला. "हे तिला सांगितलंत?"

"आत्ता कशाला? घाबरून यायच्याच नाहीत. सिस्टर, सगळं शांतपणे होऊ द्या. घरात शांती नांदावी एवढंच मागणं आहे."

"साहेब, शांत वॉर्ड मी पुष्कळ बघितलेत," सिस्टरबाई म्हणाल्या. "वॉर्ड एकदम शांत झाला की आम्ही उठून बघायचो, कोण गेलं म्हणून."

पाळकसाहेबांना वाटलं बाई विनोद करताहेत. ते मनापासून हसले. तेवढ्यात मास्तर आतून आला, आईच्या खांद्यावर हात ठेवून त्याने पाळकसाहेबांना दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन म्हणाला, "तू नेहमीची चार वाक्यं बोल आई, बाकीचं मी बघतो."  सिस्टरबाई उठून कप विसळायला गेल्या.

कप विसळता विसळता त्यांना तेच स्वयंपाकघर दिसत होतं. नळाशेजारी जमिनीवर बसलेली सून, मांडीवर धरलेलं मनगट, आणि दारात उभा असलेला आपला मुलगा, घाबरलेला नव्हे, वैतागलेला. त्या दुपारी त्यांनीच फळी लावून मनगट बांधलं होतं. त्यांनीच सुनेला दवाखान्यात नेलं होतं आणि डॉक्टरांना सांगितलं होतं, दार लागलं. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांना दार आणि माणूस यांतला फरक कळत नाही असं थोडंच होतं? पण सिस्टरबाईंनी नजर चुकवली आणि डॉक्टरांनी दार असंच लिहिलं. एकुलता एक पोरगा, बापाविना वाढवलेला, त्याचं नाव चव्हाट्यावर कसं आणायचं, हा त्यांचा हिशेब. तो हिशेब सुनेच्या हाडांवर मांडलेला होता, हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

शनिवारी त्या बेकरीत गेल्या. सून मागच्या खोलीत पाव मोजून पेट्यांत भरत होती. ट्रे ओढून ओढून तिच्या हातांवर चटक्यांचे डाग पडले होते. ते बघून सिस्टरबाईंना आधी काळजी वाटली, मग चटक्यांचे डाग ओळखता आले म्हणून बरं वाटलं. हे डाग भट्टीचे होते, दुसऱ्या कशाचे नव्हते.

"बसा आई," सून म्हणाली, पण हात थांबवले नाहीत.

सिस्टरबाईंनी सगळं सांगून टाकलं. खजिनदारांचा बेत, खोली, काम, पाळकसाहेबांची शांती. सुनेने एक पेटी बंद केली, दोरी ओढली, गाठ मारली.

"मला वाटलंच होतं काहीतरी शिजतंय," ती म्हणाली. "खजिनदार चार दिवस माझ्याशी फार गोड बोलताहेत."

"मग येऊ नकोस."

"भिंगरीला काय सांगू? तुझ्या बापाच्या भीतीने तुझी मेणबत्तीसुद्धा गेली? घर गेलं, शाळेतल्या मैत्रिणी गेल्या, अजून किती सोडायला लावू तिला? मी येणार आई. उभी राहणार, ती ज्योत नेणार आणि आम्ही परत इथे येणार."

"परत येऊ देणार नाहीत तुला. मी घर सांगितलं की—"

"तेच," सून म्हणाली आणि पहिल्यांदा वर बघितलं. "बोलणार तुम्ही आहात. तुम्ही काय बोलणार ते सांगा."

सिस्टरबाई शेजारचं झाकण उचलून पेटीवर बसवायला लागल्या.  सुनेने वाट पाहिली, मग दुसरी पेटी ओढली.

"मला तुमची मदत नकोय," ती म्हणाली. "मदत करायची तर आधीच केली असतीत. फक्त खोटं बोलू नका. तेवढं झालं तरी पुष्कळ."

झोंबलं. बेकरीतून घरापर्यंत सिस्टरबाई स्वतःशीच बडबडत आल्या. कालची पोरगी मला सांगते, मी खोटं बोलते. मी काय वाऱ्यावर सोडलं होतं हिला? हिचं मनगट कुणी बांधलं? ताप आला तेव्हा उशाशी कोण बसलं? हे सगळं त्या स्वतःला ऐकवत होत्या आणि घराचं कुलूप काढेपर्यंत त्यांनाच कळलं होतं की पोरगी खरं बोलली. म्हणूनच तर एवढं झोंबलं.

तरी आईचं काळीज. रविवारी दुपारपर्यंत त्या आशा धरून होत्या. कोण जाणे, सुधारला असेल. सहा महिने बायकोशिवाय राहिला, रोज प्रार्थना करतो म्हणतो, आवाजही चढवत नाही. मास्तर आरशापुढे पांढऱ्या शर्टाची बटणं लावत होता, तेव्हा त्या सहज बोलावं तसं म्हणाल्या, "आज ती परत बेकरीत गेली तर जाऊ दे हं. घाई करू नकोस."

तो हसला. छान हसायचा, हसला की लहानपणासारखा दिसायचा.

"एकदा घरात तर येऊ दे," तो कॉलर नीट करत म्हणाला. "सहा महिने माझी शोभा केलीय तिने. मग बघतो ना कशी पायरी उतरते ते."

आवाज चढला नाही, भुवईसुद्धा हलली नाही. उद्या पाव आणायला विसरू नकोस म्हणावं, इतक्या साधेपणाने तो बोलला आणि कंगवा शोधायला लागला.  सिस्टरबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. आशा म्हणून जे काही धरून बसल्या होत्या ते सगळं त्या एका वाक्याने धुऊन नेलं. मग हळूहळू त्यांना राग येऊ लागला. आधी स्वतःचा आला, मग त्याचा, मग त्या बिस्किटं बुडवणाऱ्या पाळकाचा, खजिनदाराचा आणि सगळ्या मंडळीचा. त्या उठल्या, त्यांनी तोंड धुतलं, आणि चांगली शाल काढली.

संध्याकाळी चर्च गच्च भरलं होतं. दिवे मालवले होते. वेदीजवळच्या घडवंचीवर चार मोठ्या मेणबत्त्या, त्यातली पहिली पेटलेली. बाकांवर प्रत्येकाच्या हातात लहान मेणबत्ती, मेण बोटांवर ओघळू नये म्हणून खाली पुठ्ठ्याची चकती. पोरं चकत्या फिरवत होती आणि आया त्यांच्या हातांवर चापट्या मारत होत्या. सून भिंगरीला घेऊन बाजूच्या दाराने आली. तिने भिंगरीच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या होत्या की पोरीच्या भुवया वर गेल्या होत्या. पहिल्या बाकावरून खजिनदारांनी पाळकसाहेबांकडे बघून मान हलवली, झालं एकदाचं अशी.

पाळकसाहेबांनी वचन वाचलं आणि घराला पुढे बोलावलं. मास्तर हार्मोनियम सोडून आला आणि बरोब्बर सुनेच्या शेजारी उभा राहिला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. सून हलली नाही. भिंगरी मात्र आईच्या दुसऱ्या बाजूला सरकली. सिस्टरबाईंनी काडेपेटी हातात घेतली. सगळं चर्च गप्प झालं.

"हे माझं घर," त्या म्हणाल्या. वॉर्डातला आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "मी. माझी सून. माझी नात."

मंडळी पुढच्या नात्याची वाट बघत राहिली. मास्तरने हनुवटी किंचित वर केली. सिस्टरबाईंनी काडी पेटीच्या कडेला टेकवली, पण ओढली नाही.

"माझा मुलगा इथे उभा आहे," त्या म्हणाल्या. "त्याला मी आज या घरात सांगणार नाही."

बाकांमधून एक हुंकार गेला. खजिनदार अर्धे उठले. "सिस्टर, हे बघा—"

"खाली बसा खजिनदार. ज्योत लागलेली नाही अजून. रीत तुमच्या आजोबांनी घातलीय, मी नाही."

खजिनदार बसले. काय करणार, बाईंनी त्यांना कायद्यातच पकडलं होतं. मास्तरची इथेच चूक झाली होती. कोण कोण उभं राहणार हे त्याने पाहिलं, मंडळी काय धरून चालणार हे पाहिलं, खजिनदारांकडून खोलीचा आणि कामाचा बंदोबस्त करून घेतला. घर सांगायचा अधिकार कुणाचा, आणि तोवर सगळ्यांची तोंडं कुणी बंद ठेवलेली असतात, याचा विचारच केला नाही. आईला त्याने जमेतच धरलं नव्हतं.

"हा बायकोला मारतो," सिस्टरबाई म्हणाल्या. "ऐकीव नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. एकदा नाही. हिचं मनगट मोडलं ते यानेच मोडलं. दार लागलं असं मी डॉक्टरांना सांगितलं. दार लागलं नव्हतं. मी खोटं बोलले."

"आई," मास्तर दातांतल्या दातांत म्हणाला.

"तूही गप्प राहा. ज्योत लागलेली नाही."

पोटचा पोर होता. दोन्ही हात पुढे करून पहिलं पाऊल त्याने त्यांच्याकडेच टाकलं होतं, पहिलं गीत त्यांच्याच मांडीवर शिकला होता. त्याला त्या चारचौघांत उघडं पाडत होत्या, आणि एकदा तोंड उघडलं तसं आता मागे फिरायचं नव्हतं.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय," त्या मंडळीकडे वळून म्हणाल्या, "की ही आज इथे उभी राहिली की हिने मुकाट्याने घरी जायचं. नाही गेली तर खोली काढून घ्यायची, पोटावर पाय द्यायचा. हिला न सांगता ठरवलंय. ही इथे उभी आहे ती लेकीसाठी. ती त्या घरात परत जाणार नाही. घर मी सांगायचं आहे ना, मग सांगते. आम्ही तिघी. हा सुधारला असं हिला वाटलं, तुम्हाला नव्हे, हिला, तर पुढे बघू. नाही वाटलं तर नाही."

त्यांनी काडी ओढली. ती मोडली. दुसरी ओढली, ती लागली. शांतीची मेणबत्ती पेटली.

खरं तर याच क्षणाला गीत सुरू व्हायचं. पण गीत धरणारा मास्तर सुनेच्या शेजारी उभा होता, कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला, आणि गायकवृंद त्याच्याकडे बघत होता. त्याने एकदा मंडळीकडे पाहिलं. मग आला होता त्याच ऐटीत मधल्या वाटेने चालत तो बाहेर गेला. दार बंद झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"जा ग," सून भिंगरीला म्हणाली.

भिंगरीने आपली मेणबत्ती पेटवली आणि हाताचा आडोसा करून पहिल्या बाकाकडे गेली. पहिले खजिनदार. खजिनदारांनी आपली मेणबत्ती छातीशी धरली आणि समोर बघत राहिले. पोर त्यांच्यापुढे ज्योत धरून उभी. मेण चकतीवर ठिबकत होतं. तिने वळून आजीकडे पाहिलं. आजी काही बोलणार तोच खजिनदारांच्या बायकोने नवऱ्याच्या अंगावरून हात लांब केला, आपली वात भिंगरीच्या ज्योतीला लावली, आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या पहाटे नेहमीच्या वेळेला भट्टीवर यायला सांग आईला."

तिथून ज्योत पुढे गेली, पण नेहमीसारखी नाही. औषधवाल्या धाकट्या भावाने उठून, पुढे येऊन घेतली. त्याच्या मागचा अख्खा बाक अंधारातच राहिला. त्याच्या मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांनी घेतली आणि त्यांच्या मुलांनी नाही. काही लोक उठून निघून गेले. चर्च कुठे उजळलं, कुठे काळोखात राहिलं, आणि कोण कुठे बसलंय हे सगळ्यांना सगळ्यांचं दिसत होतं.

गीत कुणीच धरेना, तेव्हा सिस्टरबाईंनी धरलं. त्यांना सुराचं वावडं होतं. जरा हळू गा म्हणून गायकवृंदाने आजवर त्यांना किती वेळा विनवलं असेल. आता विनवणारं कुणी नव्हतं. आधी त्या एकट्याच गात होत्या, मग सुनेने आवाज मिसळला, मग उजळलेल्या बाकांनी. पाळकसाहेबांनी ओठ हलवले, पण गायले की नाही ते सांगता येणार नाही. आशीर्वाद मात्र त्यांनी घाईघाईने उरकला.

बाहेर फाटकाशी मास्तर उभा होता. लोक त्याला टाळून, भिंतीच्या कडेने जात होते.

"आज घरी येऊ नकोस," तो आईला म्हणाला.

"बरं."

"या वयात कुठे जाणार आहेस?"

"ते तू नको बघूस."

त्याने सुनेकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं. लोक अजून बाहेर येत होते, खजिनदारांची बायको हातातली मेणबत्ती न विझवता तिथेच येऊन थांबली होती. तो वळला आणि घराच्या रस्त्याला लागला. सिस्टरबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. पांढरा शर्ट त्यांनीच इस्त्री केलेला होता. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते शालीच्या टोकाने पुसून टाकलं.

"आई," सून म्हणाली, "मी आभार मानणार नाही."

"मागितलेत कुणी?"

"मनगट मोडलं त्या दिवशी बोलला असतात तर."

"हो," सिस्टरबाई म्हणाल्या. 

भिंगरी एका पायरीवरून दुसरीवर उड्या मारत होती. सून थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली.

"माझ्या खोलीत खाट मावणार नाही."

"खाली झोपेन."

"गुडघे धरतील."

"धरू देत."

"आणि एक," सून म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा मऊ झाला नव्हता. "माझ्याकडे राहायचं तर उद्या माझ्याबरोबर पोलीस चौकीत यायचं. आज इथे बोललात तेच तिथे बोलायचं. तिथे कुणी गीत गाणार नाही. तिथे लिहून घेतात, आणि मग ते पुसता येत नाही. मी एकटी गेले होते तेव्हा साक्षीदार कोण म्हणून विचारलं होतं मला."

सिस्टरबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. मुलगा कोपऱ्यावर पोचला होता. वळायच्या आधी तो थांबला, मागे बघितल्यासारखं केलं, आणि दिसेनासा झाला.

"उद्या नको," त्या म्हणाल्या.

सुनेचा चेहरा मिटला. तिने भिंगरीचा हात धरला आणि चालायला लागली.

"थांब ना ग जरा, माझं ऐक तरी," सिस्टरबाई तिच्या मागे पायऱ्या उतरत म्हणाल्या. "माझा पोटचा आहे तो. उद्यापर्यंत माझं मन फिरेल. आत्ताच जाऊ या."